कोळशाच्या हंगामात : माणगाव ते दापोली

सोमवार, माणगाव

दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर पेण, नागोठणे, रोहा करीत माणगावच्या जवळ येते, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर जळालेल्या जमिनीचे काळे तुकडे दिसू लागतात. फाल्गुनात कोकणात हे दृश्य नवे नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायची पद्धत इथे जुनी आहे. मात्र माझ्यासोबत असलेल्या मैत्रिणीने, जी गेली अनेक वर्षे रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर काम करते, गाडीतूनच मला एक फरक दाखवला. राबाची जागा खाचराजवळ आणि चौकोनी असते. डोंगराच्या अंगावर, झाडी विरळ झालेल्या जागी जो गोल काळा डाग दिसतो, तो लाकडाचा कोळसा पाडण्याच्या भट्टीचा. आम्हाला पाहायचे होते ते हेच डाग, आणि त्याहून अधिक, ज्यांच्या हातून ते पडतात त्यांचे वर्ष कसे जाते ते.

दुपारी निजामपूर रस्त्याने आत असलेल्या एका कातकरी वाडीवर पोहोचलो. वाडीची जमीन वाडीच्या नावावर नाही. रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्यांप्रमाणे ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहे, त्यामुळे घर बांधण्याचा साधा प्रश्नही मालकाच्या होकारावर अडतो. निम्म्याहून अधिक झोपड्यांच्या दारांवर काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. कुलपाची गरज नसलेल्या घराला माणूस दूर गेल्याची खूण म्हणून एवढे पुरते. ओट्यावर एक आजी तीन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. "पोरगा, सून, धाकटा, सगळी भट्टीवर," त्या म्हणाल्या. "शेठनी सोडली तर शिमग्याला येतील. नायतर मग पावसाच्या तोंडावर."

त्यांच्याशी आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांशी बोलताना या वाडीचे वर्ष हळूहळू उलगडत गेले. आषाढ-श्रावणात लावणीची कामे संपतात, रानात कंदमुळांखेरीज काही हाती लागत नाही, खेकडे आणि नदीचे मासे यांवर दिवस निघतात. नेमक्या याच दिवसांत मुकादम वाडीवर येतो. तो तांदूळ देतो, आजाऱ्याच्या औषधाला पैसे देतो, कुणाचे लग्न ठरले असेल तर तेही निभावून नेतो. ही उचल. ती घेताना कागद होत नाही, अंगठाही क्वचितच लागतो, कारण घेणारा आणि देणारा दोघांनाही ठाऊक असते की दसरा-दिवाळी झाली की ट्रक येणार आणि उचल घेतलेले जोडपे त्यात बसणार. कुणी पुणे-सोलापूरकडे वेड्या बाभळीच्या रानात जाते, कुणी कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत, कुणी जवळच म्हसळा-तळा तालुक्यांच्या डोंगरात. मृगाच्या आधी ती परत येतात, आणि हिशेबात बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते.

शाळा जून ते एप्रिल चालते, वाडीतली मुले मात्र ऑक्टोबर ते मे भट्टीवर असतात. पावसाळ्यात नाव हजेरीपटावर असते, दिवाळीनंतर मूल नसते. लसीकरणाची फेरी, अंगणवाडीचा आहार, रेशन, प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा, कधीकधी मतदान, हे सारे त्याच काळात येते. एखाद्या समाजाला सर्व योजना लागू असाव्यात आणि त्या ज्या महिन्यांत पोहोचतात त्या महिन्यांत तो समाज जागेवर नसावा, हा कोळशाचा पहिला परिणाम मला इथे दिसला. जंगलतोडीची चर्चा आपण करतो ती करावीच, पण झाड तुटण्याच्या आधी माणसाचे वर्ष तुटलेले असते.

कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांचा मूळ व्यवसाय खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढण्याचा होता. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८च्या वनकायद्यानंतर, जंगले राखीव होत गेली आणि खैरावरचा हात सुटला. ज्यांना झाडाची, लाकडाची आणि विस्तवाची पिढीजात जाण होती, त्यांना कोळसा पाडण्याच्या कामावर नेणे सावकाराला आणि व्यापाऱ्याला सोपे गेले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात बळी पडलेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हा तरुणही होता. ज्या जंगलासाठी त्याने प्राण दिले, त्या जंगलाशी त्याच्या समाजाचे नाते पुढे मजुरीपुरते उरावे, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

मंगळवार, म्हसळ्याच्या वाटेवर

सकाळी एका निवृत्त वनरक्षकांना सोबत घेऊन म्हसळ्याच्या अलीकडच्या एका डोंगरात चढलो. गेल्या वर्षीच्या भट्ट्यांची जागा त्यांना माहीत होती. पायवाटेच्या दोन्ही अंगांना ऐन, किंजळ, हेदू यांची खोडे गुडघाभर उंचीवर छाटलेली, आणि त्यांतून अंगठ्याएवढे फुटवे वर आलेले. फुटव्यांचे हे जंगल लांबून हिरवे दिसते. आत शिरल्यावर कळते की त्यात मोठे झाड नाही, बी धरणारे झाड नाही, ढोली नाही.

"तोड वाईट नाही, लवकर तोड वाईट," ते म्हणाले, आणि मग एका बुंध्याजवळ बसून त्यांनी ते समजावून दिले. ऐन-किंजळाच्या खोडाला तोडल्यावर धुमारे येतात. त्यांना पुरेशी वर्षे मिळाली तर पुन्हा लाकूड तयार होते, आणि कोकणातल्या माणसांनी कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडून, फांद्या छाटून शतकानुशतके असेच जंगल वापरले. पण बुंध्याच्या मुळांत साठलेला जोम प्रत्येक तोडीला खर्च होतो. दोन तोडींमधले अंतर कमी होत गेले की एके वर्षी फुटवा येत नाही. त्या जागी कुडा, धायटी आणि रानमोडी शिरते. जांभ्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ, त्यावर कोकणचा पाऊस. सावली गेली की माती दोन-चार पावसाळ्यांत ओढ्याला लागते.

भट्टीची जागा पठारासारख्या एका सपाटीवर होती. माती विटेसारखी लाल भाजलेली, तिच्यावर कोळशाची चुरी. आजूबाजूला गवत होते, त्या वर्तुळात नव्हते. शेजारी दुसरे वर्तुळ, त्याहून जुने, आणि त्याच्या कडेने रानमोडीची नुकती उगवण. हे डोंगर सरकारी नाहीत. रत्नागिरीत वनखात्याच्या ताब्यातली जमीन फारच थोडी, आणि दक्षिण रायगडातही मालकी जंगल पुष्कळ आहे. त्यामुळे इथली तोड रात्री चोरून होते असे समजू नये. बहुतेक वेळा ती मालकाने उक्ती दिलेली असते, म्हणजे ठरावीक रकमेला सारे उभे लाकूड व्यापाऱ्याच्या हवाली केलेले असते.

कायदा मालकीलाही लागू आहे. महाराष्ट्रात १९६४चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा अधिनियम आहे, आणि त्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा यांसह सोळा प्रकारची झाडे येतात. ती स्वतःच्या जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कोळशाचा उल्लेख इमारती लाकूड आणि कात यांच्याच ओळीत आहे. तो जंगलातून आणलेला असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने वनोपज, आणि त्याच्या वाहतुकीला परवाना लागतो. वनरक्षक दादांच्या अनुभवाप्रमाणे परवानगी एका सर्व्हे नंबरची असते आणि कुऱ्हाड शेजारच्या दोन नंबरांत फिरते, आणि एकदा लाकूड जळून पोत्यात भरले गेले की ते किंजळाचे होते की अनुसूचीत नसलेल्या आकेशियाचे हे पोते पाहून ओळखणे फार कठीण. कोळसा ही लाकडाची ओळख पुसण्याची सोपी रीत आहे, हे मला त्यांच्या बोलण्यावरून प्रथमच स्पष्ट झाले.

बुधवार, भट्टीवर

ही भट्टी कुठल्या गावाच्या हद्दीत होती ते मी लिहीत नाही, कारण तिथल्या कुटुंबांनी आम्हाला बसू दिले ते मुकादम दोन दिवस बाहेरगावी होता म्हणून. तिथे एकूण तीन जोडपी, त्यांची मुले, आणि काटक्या-प्लास्टिकच्या कागदाच्या पालवजा खोपी. पाणी खालच्या ओढ्यावरून, उतरायला वीस मिनिटे, चढायला त्याहून बरीच जास्त.

एक भट्टी नुकती रचली जात होती, दुसरी जळत होती, तिसरी थंड होत होती, त्यामुळे सारा क्रम एकाच दिवसात पाहता आला. आधी जमीन सपाट करून जाड ओंडके तळाला मांडतात, त्यांवर मध्यम, मग बारीक फांद्या, फटी शक्य तितक्या बुजवत. रचण्यातच कौशल्य आहे. पोकळी राहिली तर तिथे हवा साठते आणि लाकूड कोळसा होण्याऐवजी राख होते. ढिगावर ओला पाला आणि गवत, त्यावर भिजवलेल्या मातीचा थर. तळाशी ठरावीक अंतरावर भोके ठेवतात आणि एका तोंडातून विस्तव घालतात. विस्तव धरला की ते तोंड बुजवले जाते. त्यानंतर कामाचा सारा रोख आग भडकू न देण्यावर असतो.

जळत्या भट्टीजवळ एक चाळिशीचा माणूस खोरे घेऊन उभा होता. तो धुराकडे पाहूनच आत काय चालले आहे ते सांगत होता. पहिले दिवस धूर पांढरा आणि दाट येतो, ती लाकडातली ओल. मग तो पिवळसर आणि डोळ्यांना झोंबणारा होतो. शेवटी पातळ, निळसर धूर येऊ लागला की कोळसा झाला. याचे शास्त्रही हेच सांगते. लाकूड तापताना आधी पाणी उडते, सुमारे २८० अंश सेल्सियसच्या पुढे लाकडाचे विघटन स्वतःच उष्णता देऊ लागते, आणि ४०० ते ५०० अंशांपर्यंत वायू व डांबरी द्रव्ये निघून जाऊन मुख्यतः कार्बन उरतो. थर्मामीटरविना, निव्वळ रंग, वास आणि मातीवर ठेवलेल्या तळव्याने ही माणसे ते ओळखतात. अशा जाणकारीला 'अकुशल मजुरी' म्हटले जाते याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मातीच्या अशा भट्टीत सुक्या लाकडाच्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्के एवढाच कोळसा मिळतो, हात चांगला असेल तर थोडा अधिक. म्हणजे २५ किलोच्या एका पोत्यामागे सव्वाशे किलो ते अडीचशे किलो लाकूड गेले. ते लाकूड तोडणे, ओढून आणणे, रचणे, माती भिजवण्यासाठी पाणी वर चढवणे, दिवसरात्र राखण, मग भट्टी उघडून कोळसा ओढणे, चाळणे, भरणे, शिवणे, या सर्वांचा मोबदला पोत्यावर मिळतो. भट्टी फुटली, म्हणजे मातीला भेग जाऊन आत हवा शिरली आणि लाकूड राख झाले, तर पोती कमी निघतात. ते नुकसान जोडप्याच्या खात्यावर पडते. लाकूड ज्याने दिले त्याच्या नव्हे, माल जो नेतो त्याच्या नव्हे.

रात्री राखणीला दोघे पाळीने जागतात. भेग दिसली की वर चढून माती थापावी लागते, आणि खालचे लाकूड बसलेले असेल तर पाय आत जातो. एका बाईच्या पोटरीवर जुन्या भाजल्याचा व्रण होता. तो असाच झालेला. थंडीच्या दिवसांत मुले भट्टीच्या उबेला झोपतात. भट्टीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. "पोरांचं डोकं दुखतं सकाळी," ती म्हणाली, "आम्ही म्हणतो थंडी लागली." माझ्या मैत्रिणीने तिला शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगितले की मुलांना वारा जिकडून येतो त्या बाजूला, भट्टीपासून दूर निजवा. ती ऐकत होती. पण दूर निजवायचे तर पांघरूण हवे, आणि ते एकच होते.

कोळसा चाळण्याचे काम बायकांचे. ओढणीने नाक-तोंड बांधून त्या चाळण हलवतात, काळी पूड पापण्यांवर, केसांत, अंगावर पिणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर बसते. खोकला सर्वांनाच होता. जोडप्याचा हिशेब मात्र नवऱ्याच्या नावाने. मुकादमाच्या वहीत तिचे नाव कुठेच नसते. तिने किती पोती चाळली, किती हंडे चढवले, याची नोंद नसल्याने तिची मजुरी ही वेगळी वस्तूच उरत नाही. ती वही मी पाहिली नाही. त्यांनीही पाहिलेली नाही. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, ती आणि उचल मिळून किती झाले हे त्यांना तोंडपाठ आहे, परंतु मुकादमाचा आकडा दर वर्षी त्याहून मोठा निघतो.

१९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी उचल फेडण्याची सक्तीच रद्द केली आहे. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करावे लागणे हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे. त्यानंतरच्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचलीपोटी आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे, असे त्यात म्हटले आहे. सुटका झालेल्यांसाठी २०१६च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये अशी पुनर्वसनाची तरतूद आहे. रायगडात उल्का महाजन यांचे सर्वहारा जनआंदोलन आणि ठाणे-पालघर पट्ट्यात विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना यांनी आदिवासींना उभे करण्यासाठी जे काम केले, त्यामुळे वेठबिगारी हा शब्द निदान सरकारी दप्तरात नाकारता येईनासा झाला. इतके असूनही मी ज्यांच्याजवळ बसले होते त्यांनी स्वतःला वेठबिगार म्हटले नाही. "घेतले तर फेडायला नको काय?" असे त्या माणसाने मला विचारले. हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याच्या प्रामाणिकपणावरच हा सारा व्यवहार उभा आहे. माझ्या मैत्रिणीने त्याच्याबरोबर बसून खडूने एका दगडावर हिशेब मांडला: या हंगामाची पोती, पोत्याचा दर, मिळालेली खर्ची. दर दुप्पट केला असता तर फेड माघातच झाली असती. तो बराच वेळ त्या दगडाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "दर आम्ही कधी विचारलाच नाय. उचल किती, एवढंच विचारतो."

या प्रवासात ऐकलेले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला हेच वाटते. भुकेच्या महिन्यात माणूस रकमेची वाटाघाट करतो, दराची करू शकत नाही. कोळसा बाजारात स्वस्त मिळतो त्याचे कारण आषाढात ठरते.

गुरुवार, श्रीवर्धन

म्हसळ्याहून श्रीवर्धनला उतरताना वाटेत एका गावची देवराई पाहिली. आत शिरताच हवा थंड झाली. जुने वृक्ष, त्यांवर चढलेले जाडजूड वेल, आणि मध्ये काळकाईचे ठाणे. देवराईच्या खालच्या अंगाला झरा फाल्गुनातही वाहत होता, आणि गावाची विहीर त्याच ओहोळावर. शेजारच्या, उक्त्याने दोनदा तोडलेल्या डोंगराखालच्या वाडीला टँकरची मागणी करावी लागते, असे पुजाऱ्यांनी सांगितले. एका झऱ्यावरून नियम काढू नये हे मला कळते. खडक, उतार, पाणी मुरण्याची जागा असे बरेच काही त्यात असते. परंतु गावकऱ्यांच्या मनात या दोन डोंगरांची तुलना पक्की आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रीवर्धन भागातल्या लोकांनीच आपली देवराई तोडीपासून वाचवण्यासाठी त्यांची मदत मागितली होती. झाडे गेली तर पाणी जाईल, हे त्यांचे म्हणणे होते. एकोणिसाव्या शतकात वाढत्या मुंबईचे सरपण याच किनाऱ्यावरून गलबतांत भरून जाई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालल्या आणि कोळशाला मागणी वाढली. शहराची गरज बदलत गेली, पुरवठ्याची जागा सह्याद्रीच्या याच अंगावर राहिली.

संध्याकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वीला उतरलो. इथून रत्नागिरी जिल्हा.

शुक्रवार, मंडणगड

मंडणगड तालुक्यातल्या एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याच्या पडवीत सकाळ गेली. काकांचे तिन्ही मुलगे मुंबईत. गावातल्या बहुतेक घरांची तीच स्थिती. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात, बाकी वर्षभर म्हातारी माणसे. वरकस जमिनीवर पूर्वी नाचणी, वरी व्हायची. ती आता कोण करणार? डोंगर वाढतो, वणवा लागतो, सातबाऱ्यावर चुलत-पुतणे मिळून नावांची रांग. अशा वेळी व्यापारी येतो आणि जंगल उक्ते मागतो.

"दर पंधरा वर्षांनी वडील द्यायचे," काका म्हणाले. "आता सात-आठ वर्षांत मागायला येतात. लाकूड पातळ असलं तरी चालतं म्हणतात, कोळशालाच जायचं." त्यांना मिळालेली रक्कम सामाईक मालकांत वाटली गेली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला मुंबईहून येण्याजाण्याच्या भाड्याहून फारसे अधिक आले नाही. तरीही त्यांनी जंगल दिले, कारण एका पुतण्याला काजू लावायचा होता आणि त्यासाठी डोंगर मोकळा हवा होता. काजूची लागवड कोकणाच्या अर्थकारणाला आधार देते, हे मान्य करावे लागेल. पण मिश्र जंगल उतरून त्या जागी एकाच जातीची बाग येते, तेव्हा सरपण, कवळ, रानभाज्या, मध, शिकेकाई, औषधी मुळ्या यांवर जगणाऱ्या भूमिहीनाचे काहीच उरत नाही आणि तो भट्टीच्या उचलीला आणखी जवळ जातो. काकांच्या गावच्या खालच्या कातकरी वाडीतून या वर्षी प्रथमच सगळी तरुण जोडपी बाहेर गेली आहेत.

मी त्यांना विचारले, डोंगर तोडणारी माणसे कोण होती? त्यांना माहीत नव्हते. "व्यापाऱ्याची माणसं," एवढेच. मजुरांनाही मालक कोण ते ठाऊक नसते. दोघांच्या मधला माणूस तेवढा दोघांना ओळखतो.

शनिवार, दापोली

दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे एक अभ्यासक भेटले. विद्यापीठ १९७२चे, आणि कोकणच्या मातीवरचे काम इथे साहजिकच खोलवर झाले आहे. त्यांचे म्हणणे असे की कोळसा पूर्णपणे बंद करण्याची भाषा व्यवहार्य नाही. इस्त्रीवाले, लोहार, सोनार, ढाबे, तंदूर यांची मागणी आहे आणि ती कुठून तरी भागणारच. लोखंडी पिंपाची किंवा बंदिस्त भट्टी वापरली तर त्याच लाकडातून अधिक कोळसा मिळतो आणि धूरही कमी होतो. लाकडाऐवजी नारळाची करवंटी, उसाचे पाचट असे टाकाऊ पदार्थही चालतात. पुण्याच्या आरती या संस्थेला उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी २००२ साली अॅशडेन पुरस्कार मिळाला होता. किनाऱ्यावर करवंट्या भरपूर आहेत, हे खरेच.

मला हे सारे पटते, आणि तरी एक शंका मांडावीशी वाटते. बंदिस्त भट्टीला भांडवल लागते. ती मुकादमाने आणली तर पोती वाढतील, पोत्याचा दर तोच राहील, आणि उचल घेणारे जोडपे त्याच ट्रकमधून येईल. भट्टी कोणाच्या मालकीची आणि आषाढात घरी धान्य कुठून येते, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय तंत्र बदलून वाडीचे वर्ष बदलणार नाही.

दुपारी किनाऱ्याकडच्या एका दुकानात कोळशाची पोती रचलेली दिसली. दुकानदार सौजन्याने बोलले. सुट्ट्यांच्या दिवसांत रिसॉर्टवाले बार्बेक्यूसाठी घेऊन जातात, मुंबईचे पाहुणे स्वतःही मागतात. माल घाटावरून येतो की कोकणातला, याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. करायचे कारणही नव्हते, असे ते सहजपणे म्हणाले. एका पोत्याचा जो दर त्यांनी सांगितला, त्यात भट्टीवरच्या जोडप्याला मिळणारा वाटा किती, याचा हिशेब माझ्या मैत्रिणीने तिथेच मनाशी केला. बुधवारी ऐकलेला दर या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नव्हता.

खेड स्टेशनकडे जाणाऱ्या एसटीत मैत्रीण आपली वही काढून बसली. खावटी योजना आदिवासींच्या पावसाळी भुकेसाठीच १९७८ साली सुरू झाली. मध्ये खंड पडून २०२० साली ती चार हजार रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने, निम्मे रोख व निम्मे वस्तू अशी, पुन्हा आली होती. चार हजारांत मुकादमाची गरज संपत नाही, पण अशी मदत वेळेवर आली तर उचल लहान राहते आणि लहान उचलीचे माणूस दराबद्दल बोलू शकते, असा तिचा अनुभव आहे. तिच्या यादीत आणखी कामे होती: पावसाळ्याच्या आरंभी रोजगार हमीची कामे वाडीजवळ मागणे, दसऱ्यापूर्वी हंगामी वसतिगृहासाठी मुलांची नावे शाळेत देणे, जातीचे दाखले, बाहेर असतानाही धान्य उचलता यावे म्हणून शिधापत्रिकांची आधार जोडणी, आणि निजामपूर रस्त्याच्या वाडीत बायकांना पोत्यांची स्वतःची नोंद ठेवायला शिकवणे. निरक्षर बाईने ती कशी ठेवावी यावर आम्ही खेड येईपर्यंत बोलत होतो. दोरीला प्रत्येक पोत्यामागे एक गाठ मारावी आणि दोरी तिने स्वतःजवळ ठेवावी, असे शेवटी ठरले. अर्ज मे महिन्यात, लोक परतताच भरायचे आहेत, कारण मुकादम आषाढाची वाट पाहत नाही. गेल्या वर्षी तो ज्येष्ठातच येऊन गेला होता.